परग्रहावरचं ‘आपण’

ती जुनी परदेशी सिरीयल तुला एवढी का आवडायची, असं कुणी विचारलं की मी चिडते. लोकांना वाटतं यान, बंदुका, चित्रविचित्र प्राणी. अहो, परग्रहावरचे दगड पुठ्ठ्याचे, पाय लागला की हलायचे! मला आवडायचं ते एवढंच की, अनोळखी कुणी समोर आलं तर यानातली माणसं आधी विचारपूस करायची आणि उत्तर ऐकून घ्यायची. आडनाव कळल्यावर पाण्याचा पेला बदलत नव्हती. आमचं घर बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेलं, त्यामुळे आम्हाला त्याचं मोल वेगळं सांगावं लागत नव्हतं.

ऐंशीच्या दशकात नाशिकरोडच्या आमच्या चाळीत टीव्ही फक्त आमच्याकडे होता. सिरीयल इंग्रजीत. रविवारी सकाळी शेजारी सतरंजीवर बसायचे आणि माझे बाबा, शाळेतून निवृत्त झालेले इंग्रजीचे मास्तर, खुर्चीवरून मोठ्यानं मराठी करून सांगायचे. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. कुणाला तू आणि कुणाला तुम्ही, ते बाबा ठरवायचे. कप्तान आणि त्याचा सहकारी आधी ‘तुम्ही’वर होते. एकदा सहकाऱ्यानं जिवावर उदार होऊन कप्तानाला वाचवलं, आणि बाबांनी एकदम ‘अरे, तू?’ केलं. सतरंजीवर दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावला. परग्रहवासी मात्र कितीही भेसूर असो, त्याला कायम ‘आपण’. बाबा म्हणायचे, "मान आधी द्यायचा, ओळख मागून."

मग एका रविवारी कप्तान त्याच जिवलग दोस्ताशी बोलत असताना बाबांनी सांगितलं, "आपण कोण? कुठून आलात?" सगळे हसले. शेजारच्या, सिन्नरकडच्या मावशी म्हणाल्या, "सर, तो दोस्त हाय ना त्याचा! इसरले का काय?" बाबाही हसले. मला मात्र हसू आलं नाही, कारण पडद्यावर तसं कुणी काहीच म्हटलं नव्हतं.

पुढे त्यांचं इंग्रजी गेलं, मग घरचा रस्ता, मग आपण जेवलो की नाही तेही. डॉक्टर म्हणाले, यावर औषध नाही. यानातला डॉक्टर अंगावरून एक यंत्र फिरवून वाटेल ते बरं करायचा. मला त्याचा राग राग यायला लागला. शेजारी यायचे बंद झाले. आता मी मराठी करून सांगायचे, एकट्या बाबांना. मुद्दाम तू-तुम्ही चुकवायचे, निदान टोकतील म्हणून. त्यांनी एकदाही टोकलं नाही.

अशाच एका रविवारी मी टीव्ही लावून वळले, तर बाबा माझ्याकडे बघत होते. फार अदबीनं त्यांनी विचारलं, "आपण कोण?"

"बाबा, मी तुमची मुलगी."

ते घाबरले. आपल्या हातून काहीतरी मोठं चुकलंय, असं त्यांना वाटलं असावं. मी पुन्हा सांगितलं, तर ते उठून दाराकडे निघाले. माझ्यानं ते बघवेना.

"मी शेजारची, सर," मी म्हणाले. "टीव्ही बघायला आले."

त्यांच्या जिवात जीव आला. "मग उभ्या का? बसा ना," म्हणत त्यांनी स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

मी बसले. ते गेले तोवर मी शेजारचीच होते.