चौदा नंबरची खुंटी

“हाडाकडे बोट करायला कसली भीती? त्याच्यासाठी रडणारं आता कुणी उरलंय का?” सीना फाल्टेन एकदा म्हणाली होती. तेव्हा ती एक दगड जिभेला लावून बघत होती. जिभेला चिकटला तर हाड, नाही चिकटला तर दगड. तो चिकटला.

बाप मेंढपाळ, शाळा तिसरीपर्यंत. संग्रहालयाच्या लोकांबरोबर ती अठ्ठावीस वर्षं दक्षिण आफ्रिकेतल्या कारूच्या या उघड्या माळावर दगड झालेली हाडं शोधत फिरली. ती माणसं म्हातारी झाली, परत गेली. माळ राहिला आणि ती राहिली.

मग पवनचक्क्या आल्या. त्यांच्या परवान्यात एक अट होती. पोकलेन जिथे जमीन उकरेल तिथे काठावर जुनी हाडं ओळखणारा राखणदार उभा असला पाहिजे. राखणदार नसेल तर यंत्र बंद. त्या जागी सीनाचं नाव लिहिलं गेलं, कारण लिहायला दुसरं नावच नव्हतं. तो परवाना साइट ऑफिसच्या कंटेनरमध्ये, माझ्या टेबलाच्या वर भिंतीला चिकटवलेला होता. मी तिथे नोंदवही लिहायचो.

केशरी जॅकेट तिला गुडघ्यापर्यंत यायचं. तिनं हात वर केला की तीस टनांचं यंत्र थांबायचं. पोकलेनवाले तिला ‘सिग्नल’ म्हणत.

“आज लाल का हिरवा, ऑन्टी?”

“तू तोंड मिटलंस तर हिरवा.”

अकरा महिन्यांत ती एकतीसदा लाल झाली. नऊ नंबरच्या पवनचक्कीपाशी तर दगड झालेलं एक अख्खं जनावर निघालं, थंडीत कुत्रं झोपतं तसं अंगाचं मुटकुळं केलेलं. त्याच्याभोवती कुंपण पडलं. ते काढून नेणारे लोक पुढच्या वर्षी येणार होते. तोवर त्या कुंपणाला आधार एकच, सीनाचा शब्द.

कबरीचं वेगळं. कबरीकडे आमच्यात बोट करत नाहीत. बोट सडतं. चुकून झालंच, तर लगेच ते बोट चावायचं. लहानपणी मीही चावलंय. दाखवायची वेळच आली तर हनुवटी पुढे करायची, नाहीतर मिटलेली मूठ.

काम सुरू होण्याआधी शहरातून एक तरुण पुरातत्त्ववाला पाहणीला आला होता. कबरी कुठे आहेत, त्यानं विचारलं. सीनानं हनुवटी पुढे केली. समोर तिच्या आजीची कबर होती, मातीत निम्म्या गेलेल्या तीन चपट्या दगडांची. पोराची नजर हातातल्या यंत्रात. त्यानं मान वर केली तेव्हा त्याला त्याच रेषेत, सत्तर मीटर पलीकडे, दगडांचा एक मोठा ढीग दिसला. मेंढ्या विण्याचं जुनं आवार ढासळून तो ढीग झाला होता. नकाशात तीच कबर झाली. पुढे तिथे कुंपण आलं, पाटी आली.

सोमवारी सकाळी चौदा नंबरच्या पवनचक्कीसाठी क्रेन उभी करायचा ओटा आखला गेला. एक लाकडी खुंटी आजीच्या उशाशी ठोकली गेली. ती बघून सीना तडक ऑफिसात आली.

साइट मॅनेजर लातेगान, आमचा ‘मेनीर’ म्हणजे साहेब, चहा पीत होता. पर्यावरणाचं काम बघणारी रोनेल खिडकीशी बसली होती.

“मेनीर, खुंटी चुकीच्या जागी आहे. तिथे माझी आजी आहे.”

“तुझी आजी कुंपणात आहे, सीना. मीच पैसे दिलेत त्या कुंपणाचे.”

“ते मेंढ्यांचं आवार आहे.”

“मग वर्षभर त्याच्या बाजूनं जातेस, तेव्हा नाही बोललीस?”

“मला वाटलं, तुम्ही मेंढ्या आणणार.”

रोनेल हसली. लातेगान हसला नाही. “गुरुवारी क्रेन येतेय,” तो म्हणाला.

“मेनीर, गाडीत बसा. पंधरा मिनिटं लागतात. दाखवते.”

“काय बघू? दगड? सगळा माळ दगडांचाच आहे.”

रोनेलनं एक फॉर्म पुढे सरकवला. “ऑन्टी सीना, दुरुस्ती होते. पण सही इथे करावी लागेल, ‘मी आधी दिलेली माहिती चुकीची होती’ याखाली.”

“माहिती बरोबर होती. त्या पोरानं नीट बघितलं नाही.”

“त्याला फॉर्ममध्ये रकाना नाही, ऑन्टी.”

“आणि सही केलीस,” लातेगान म्हणाला, “तर तुझ्या एकतीस जागा पुन्हा तपासाव्या लागतील. सगळ्या तुझ्याच शब्दावर आहेत. तपासेपर्यंत नऊ नंबरचं कुंपण निघेल. मला तिथून रस्ता न्यायचाय.”

म्हणजे आजी वाचवायची तर जनावर जाणार. सीनानं तो फॉर्म उलटा करून ठेवला.

लातेगान उठला, भिंतीवरच्या नकाशापाशी गेला. “बरं. सही नको. हाडं दाखवतेस तशी दाखव. या नकाशावर बोट ठेव. नेमकं. मग बघू.”

ती नकाशासमोर उभी राहिली. उजवा हात वर आला, बोटं आत वळली, आणि तिनं मिटलेली मूठ कागदावर टेकवली.

“मूठ दाखवतेस मला?”

“तुम्हाला नाही, मेनीर. आजीला.”

“तुझ्या मुठीखाली अर्धा डोंगर आला! बोट, सीना, बोट!”

तिच्या मुठीची पेरं पांढरी पडली. बोट बाहेर आलं नाही. मला उठून सांगावंसं वाटलं, ती दाखवतेच आहे, तुम्ही बघा. मी नोंदवहीत तारीख लिहिली. ती आधीच लिहिलेली होती.

“झालं तर मग,” लातेगान खुर्चीत बसत म्हणाला. “गुरुवारी ओटा. आणि तू काठावर उभं राहायचंस. हाड दिसलं तर हात वर कर.”

टेबलावरचा वायरलेस खरखरला. “सिग्नल कुठाय? पाच नंबरला यंत्र गरम करून बसलोय. ऑन्टी येतेय ना?”

लातेगाननं वायरलेस उचलला. “येतेय, पाठवतो.”

सीनानं जॅकेटची चेन खाली ओढली. एक बाही, मग दुसरी. जॅकेटची घडी घातली, बाह्या आत, चर्चमधून आल्यावर शाल दुमडतात तशी. घडी माझ्या नोंदवहीवर ठेवली. भिंतीवरच्या परवान्याकडे तिनं बघितलं नाही. मी बघितलं, राखणदाराच्या अटीकडे, आणि मग रोनेलनं.

“सीना?” लातेगान म्हणाला. वायरलेसचं बटण अजून त्याच्या अंगठ्याखाली दाबलेलंच होतं.

तिनं दार उघडलं. माळावरचा वारा आत आला, उलटा फॉर्म टेबलावरून उडाला, आणि ती बाहेर गेली.