आबा आणि काचेतला चाकू

एक चाकू घ्यायचा की नाही, हे ठरवायला माणसाला किती वेळ लागावा? आमच्या कलमवाल्या आबांना सात वर्षं लागली. हे मी कौतुकानं सांगत नाही. मला त्या सात वर्षांचा अजून राग येतो. लिहायला बसले की जरा निवेल असं वाटलं होतं, पण तसं काही व्हायचं लक्षण दिसत नाही.

चाकू तसा साधाच. बारामतीत बाजाराच्या रस्त्याला शेती अवजारांचं एक दुकान आहे, तिथं काचेच्या कपाटात मधल्या फळीवर तो पडलेला असे. घडीचा, खिशात मावणारा, तांबूस लाकडी मुठीचा. पातं उघडलं की आत खटका बसायचा, आणि तो दाबल्याशिवाय पातं मिटायचं नाही. आबा बाजाराच्या दिवशी निमगाव केतकीहून एसटीनं यायचे, दुकानात शिरायचे आणि म्हणायचे, "त्यो दाखवा." दुकानदार दुसरं काही न विचारता तोच काढायचा. मधे कधी तो विकला गेला, तर तसाच दुसरा येऊन पडलेला असायचा. आबा तो उघडायचे, मिटायचे, पात्यावरून अंगठा आडवा फिरवायचे, मुठीचा वास घ्यायचे आणि परत काचेवर ठेवायचे. "बगू की," म्हणायचे आणि बाहेर पडायचे. तिथून माझ्या घरी चहाला.

"घेतला का?" मी दारातच विचारायची.

"मूठ लई गुळगुळीत हाय. घामानं निसटंल."

पुढच्या खेपेला मूठ बरी असायची आणि पातं जड असायचं. त्याच्या पुढच्या खेपेला पातं बरं, पण खटका कडक. एकदा तर म्हणाले, "रंग बरा न्हाय." मी शाळेत शिकवते. गृहपाठ का केला नाही याची कारणं ऐकत माझं अर्धं आयुष्य गेलंय. खोटं कारण मला दारातून आत यायच्या आधी कळतं. हे सगळं खोटं आहे एवढं कळत होतं; खरं काय ते कळत नव्हतं, आणि त्यानं माझं डोकं जास्तच फिरायचं.

आबा माझ्या माहेरच्या वस्तीपासून दोन बांध पलीकडे राहायचे. नात्यानं आमचे कोणी नव्हते, पण आमच्या बागेतलं एकेक झाड त्यांच्या हातचं होतं. जंगली खुंटावर चांगल्या झाडाची काडी बसवायची, हा त्यांचा उद्योग. आंबा, पेरू, बोर, काय म्हणाल ते. इंदापूर तालुक्यात त्यांना बोलवायला मोटारसायकली यायच्या. त्यांचं कलम मेलं असं मी कधी ऐकलं नाही. "झाडाला जखम करायची तर एकदाच करायची, आन साफ करायची," असं ते म्हणायचे. काप घेतला की त्यावर दुसऱ्यांदा पातं फिरवायचं नाही, हा त्यांचा नेम. बिघडला तर ती काडी फेकून नवी घ्यायची.

दुसरा नेम त्याहून कडक. ते काप घेताना कोणी बघायचं नाही. बागेचा मालक जवळ उभा असला तर त्याला पाणी आणायला पिटाळायचे, विहिरीवरची मोटर बघून यायला सांगायचे. कोणी हललंच नाही तर सरळ म्हणायचे, "तोंड फिरवा." माझे वडील कोणाच्या बापाचं ऐकणारे नव्हते, पण आबांनी सांगितलं की स्वतःच्याच बागेत शहाण्यासारखे पाठ करून उभे राहायचे. लहानपणी मीही कितीदा तोंड फिरवलंय. आबांची विद्या आहे, ती कोणाला दाखवत नाहीत, असं सगळे म्हणायचे. मलाही ते खरं वाटायचं.

आणि ही एवढी विद्या चालायची कशावर? तर एका मोडक्या चाकूवर. नरसिंहपूरच्या एका लोहारानं आबांच्या तरुणपणी तो करून दिला होता. तोही घडीचाच, बाभळीच्या मुठीचा. लोहार कधीच वारला. पात्याची खीळ इतकी झिजली होती की पातं दोन्हीकडे डुलायचं. आबांनी मुठीला सुतळी गुंडाळली होती, तिचा काय उपयोग होता देव जाणे. काप घेताना जरा जास्त जोर लागला की पातं उलटं मिटायचं, ते थेट बोटांवर. पहिल्या बोटावर एकाखाली एक असे चार व्रण मी स्वतः मोजले होते.

"आबा, हा चाकू एक दिवस तुमचं बोट घेऊन जाणार," मी म्हणायची.

"त्याला म्हायती हाय कुठं थांबायचं ते."

"मी आणते काचेतला. मला काही तो जड नाही."

"आनलास तर तुझ्या घरचं पानी पिनार न्हाय," असं म्हणून ते माझ्याच घरचा चहा बशीत ओतायचे. मी कपबशी आदळायची. असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

सहाव्या वर्षी खरं कारण कळलं. सुट्टीत माहेरी गेले होते. आबा आमच्या शेजारच्या बाळूतात्यांच्या पेरूच्या बागेत आहेत असं कळलं, म्हणून भेटायला निघाले आणि वाटेनं न जाता बांधावरून आडवी गेले. आबा रस्त्याकडे पाठ करून पोत्यावर बसले होते. मी नेमकी त्यांच्या समोरून आले. चाकू त्यांच्या डाव्या हातात होता. पातं काडीवरून एकदाच खाली आलं आणि जे झालं ते इतकं सरळ, इतकं सोपं दिसलं की मी जागीच उभी राहिले. पन्नास पावलांवरून कळत होतं की हा हात या कामासाठीच आहे. तेवढ्यात त्यांनी मान वर केली. मी दिसले मात्र, चाकू झटकन उजव्या हातात गेला. सत्तरीचा माणूस, आणि चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा.

"आबा, तुम्ही डावरे आहात?"

"हळू बोल."

बागेत चिटपाखरू नव्हतं, तरी हळू बोल! मग त्यांनी सांगितलं. विशी-बाविशीत ते माळेगावच्या बाजूला एका मोठ्या बागायतदाराकडे कामाला गेले होते. दिवसभरात बांधलेली कलमं संध्याकाळी मालक बघायला आला, तेव्हा आबा शेवटचं बांधत होते. डावा हात चालताना मालकानं पाहिला. डाव्या हातानं लावलेलं झाड घराला लाभत नाही, असं म्हणून त्यानं सगळी कलमं उपटायला लावली.

"आन उपटाय लावली मलाच," आबा म्हणाले. "उजव्या हातानं."

"कोण होता तो? नाव सांगा."

"मेला त्यो."

"मेला तर मेला. नाव सांगा!"

आबा हसले. ते हसले याचाच मला जास्त संताप आला. "लोकांची झाडं अस्त्यात सुनंदे. त्यांच्या मनात किंतू कशापायी घालायचा?" म्हणाले. आणि मग काचेतल्या चाकूचं कोडंही सुटलं. कलमाच्या चाकूला धार एकाच बाजूनं असते. दुकानातले सगळे उजव्या हाताच्या माणसासाठी घासलेले. डाव्या हातात धरला तर पातं लाकडात घुसतं, काप सरळ येत नाही. लोहारानं आबांना उलट्या बाजूनं धार लावून दिली होती आणि कोणाला सांगितलं नव्हतं. तसा दुसरा पाहिजे असेल तर दुकानात उभं राहून तोंडानं सांगावं लागणार होतं. म्हणून मूठ गुळगुळीत, म्हणून पातं जड, म्हणून रंग बरा नाही.

"मग सांगा की! दुकानदार मागवून देईल."

"दुकानात चार मानसं अस्त्यात."

इथं माझी चूक झाली, आणि ती मी कोणावर ढकलणार नाही. दुकानदाराला मी गुपचूप विचारू शकले असते. आबांचं नावही घ्यावं लागलं नसतं. पण मला तेवढं पुरणार नव्हतं. मला न्याय पाहिजे होता. मी म्हटलं, "मी आणणार नाही. तुम्ही स्वतः दुकानात जायचं आणि चारचौघांत म्हणायचं, मला डाव्या हाताचा चाकू पाहिजे. काही पाप केलेलं नाही तुम्ही." त्यांनी माझ्याकडून कोणाला न सांगण्याचं वचन घेतलं, आणि मी ते ताठ मानेनं दिलं. त्यानंतरही ते वर्षभर दुकानात जाऊन चाकू उघडत-मिटत राहिले, आणि मी चहा देताना विचारत राहिले, "बोललात का?" ते मानेनंच नाही म्हणायचे. मी तत्त्व धरून बसले होते, आणि बोट त्यांचं होतं.

पुढच्या वर्षी बाळूतात्यांच्याच बागेत पातं उलटं मिटलं. बाळूतात्या त्यांना जीपमधून बारामतीला घेऊन आले आणि मला फोन केला. मी शाळेतून तशीच धावत दवाखान्यात गेले. आबा खाटेवर बसले होते, डावा हात पंच्यात गुंडाळलेला, पंचा लाल झालेला. डॉक्टर तरुण होते. त्यांनी नीट समजावून सांगितलं, की बोट वाकवणारी आतली दोरी तुटली आहे. ऑपरेशन केलं तर बोट बऱ्यापैकी वाकेल. नुसते टाके घातले तर जखम भरेल, पण बोट कायमचं ताठ राहील. मग विचारलं, "आजोबा, कामाचा हात कुठला?"

"उजवा," आबा म्हणाले. "ह्या हाताचं काय एवढं न्हाय. घाला टाकं."

माझा आवाज चाळीस वर्गांत तयार झालेला आहे. तो त्या दिवशी सगळा बाहेर आला. "खोटं बोलतायत ते! डावरे आहेत! सगळं आयुष्य त्या हातानं काम केलंय त्यांनी!" खोलीतली सगळी माणसं वळून बघायला लागली. आबांनी डोळे मिटून घेतले. वचन मोडल्याचं मला तेव्हा भानही नव्हतं.

बाळूतात्या दाराशी उभे होते. ते पुढं आले आणि डॉक्टरांना शांतपणे म्हणाले, "व्हय, डावंच हायती. ऑपरेशन करा."

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"न म्हाईत व्हायला काय झालं? जोडाचा काप उलटीकडं तिरका अस्तो त्यांचा. कुनीबी बगितलं तर कळतंय. समद्यांस्नी ठावं हाय."

"मग बोलला का नाहीत?"

"त्यांस्नी नको होतं, म्हनून आमी तोंड फिरवत हुतो."

आता याला काय म्हणायचं? सगळ्या वस्तीला माहीत! माझ्या वडिलांनाही माहीत असणार. प्रत्येकाच्या बागेत तो काप उभा, आणि एकानं, एकानंही पन्नास वर्षांत म्हटलं नाही, की आबा, माहीत आहे आम्हाला, करा बिनधास्त. त्यांना वाटलं आपण मान राखतोय. मान राखतायत म्हणे! आबा एकटे पाठ करून बसत राहिले, आणि बाकीचे आपापल्या जागी सभ्यपणे तोंड फिरवून उभे. बाळूतात्या भला माणूस आहे, त्यांनीच जीप काढली, रात्रंदिवस थांबले. तरी त्या दिवशी मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

ऑपरेशन झालं. बोट अर्धं वाकायला लागलं. आबा दोन महिने माझ्याशी अजिबात बोलले नाहीत. "तिचं तोंड लई मोठं हाय," असं वस्तीवर सांगायचे. मग एका बाजाराच्या दिवशी दारात उभे राहिले. आत आले नाहीत. "चल, दुकानात जायाचं," एवढंच म्हणाले.

दुकानात चार नाही, सहा-सात माणसं होती. आबा काचेपाशी गेले. चाकू काढायला सांगितला नाही. घसा खाकरून जरा मोठ्यानंच म्हणाले, "मी डावरा हाय. ह्यात डाव्या हाताचा येतो का?"

दुकानदार पावती फाडत होता. त्यानं मानसुद्धा वर केली नाही. "तसा नाही येत, आबा. पण हाच घ्या आणि कोपऱ्यावरच्या धारवाल्याकडून धार फिरवून घ्या. आधी बोलायचं नाही का?"

कोणी वळून बघितलं नाही. कोणाला काही वाटलं नाही. आबांनी खिशातून पैसे काढले आणि चाकू घेतला. कोपऱ्यावरच्या माणसानं चाक फिरवून एका बाजूची धार मोडली आणि दुसऱ्या बाजूनं लावली. पाव तास लागला. मी घड्याळ बघत होते. सात वर्षं, एक बोट, आणि पाव तास! मी रस्त्यात उभी राहून रडले, ते दुःखानं नव्हे, रागानं.

तिथून आबा माझ्या घरी आले. अंगणात मी एका आंब्याच्या कोयीचं रोप वाढवलं होतं. त्यांनी पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेली केशरची काडी काढली. म्हणजे घरून निघतानाच त्यांचं सगळं ठरलं होतं. ते रोपापाशी बसले आणि सवयीनं मी पाठ केली.

"तोंड फिरवू नगंस," आबा म्हणाले. "हितं समोर बस. बग."

मी बसले. बोट नीट वळत नव्हतं, चाकू धरायला त्यांना वेळ लागला. पहिला काप बिघडला. त्यांनी तो टोकाचा तुकडा उडवून दिला आणि स्वतःचा नेम मोडून त्याच काडीवर पुन्हा पातं लावलं. दुसऱ्या वेळी पातं एकदाच खाली आलं. त्यांनी काडी खुंटावर बसवली, पट्टी बांधली आणि चाकू मिटून खिशात टाकला.

पुढच्या उन्हाळ्यात आबा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. हजारो कलमं बांधली त्या माणसानं, आणि त्यातलं एक, फक्त एक, कोणाच्या तरी समोर बसून बांधलं.

ते झाड आता माझ्या डोक्याच्या वर गेलंय. जोडावरचा तिरका काप अजून दिसतो. घरी कोणी आलं, पाहुणे असोत, दूधवाला असो नाहीतर मीटर बघायला आलेला माणूस असो, मी त्याला हाताला धरून झाडापाशी नेते आणि त्या कापावर बोट ठेवते. "हे बघा," मी सांगते, चांगलं रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात, "हे डाव्या हातानं लावलेलं झाड आहे."