गंगाखेड ते परभणी, आईच्या वर्षश्राद्धाला

दिगंबर सरांची आणि माझी पहिली ओळख झाली, तेव्हा मी त्यांच्याच नातेवाइकांवर ओरडत होते. मी परभणीच्या एका दवाखान्यात नर्स. गंगाखेडच्या शाळेतले हे क्रीडाशिक्षक आपल्या आईंना घेऊन आले होते. पोटातल्या अल्सरमधून रक्तस्राव सुरू होता, ऑपरेशन तातडीचं होतं आणि रक्ताचा साठा नव्हता. सोबत जीपभर मामा आणि मामेभाऊ, दूधदुभत्यावर पोसलेले. डॉक्टरांनी रक्त मागितलं आणि बघता बघता व्हरांडा मोकळा झाला. कुणाला चहा आठवला, कुणाला गाडीचं डिझेल.

धाकट्या मामांना मी फाटकाशी गाठलं. ते म्हणाले, "सिस्टर, रक्त दिल्यावर माणूस कायमचा कमजोर होतोय. मग औत कोण हाकावं?" सरांनी एक बाटली दिली होतीच. ते पुन्हा येऊन दंड पुढे करून बसले. "अजून घ्या, मला काय बी होत न्हाई." एकाच माणसाचं लागोपाठ रक्त घेता येत नाही, हे त्यांना समजावण्यातच दुपार झाली आणि आई गेल्या. मग मात्र सगळे परत आले. खांदा द्यायला एकालाही कमजोरी नव्हती. हे लिहितानाही माझा संताप आवरत नाही.

त्यानंतर सर आमच्या रक्तदाता मंडळात आले. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाची ती वर्षं. रक्त मिळालं तरी ते कुठल्या जातीचं, असं विचारणारे महाभाग होते. एका पेशंटच्या भावाने विचारलंच, "बाटली कोणत्या लोकांची हाय?" मी त्याला हाकलूनच दिलं असतं. सर म्हणाले, "नको असंल तर तसं तुमच्या भावालाच सांगा. मी इथंच बसतो, ऐकतो." त्याने मान खाली घातली. सरांचा राग असा होता, आवाज न चढवता समोरच्याचं तोंड बंद करणारा. मला तो कधी जमला नाही.

आईंचं वर्षश्राद्ध आलं. नातेवाइकांचं लक्ष पंगतीकडे. सरांनी जाहीर केलं, "पंगत परभणीला, दवाखान्याच्या आवारात. मी गंगाखेडहून पळत येतो." वर्षभर नियमाने रक्त देणारा माणूस मॅरेथॉनएवढं अंतर पळू शकतो, हे त्यांना सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दाखवायचं होतं. मंडळासाठी वर्गणी नको होती, रक्त देणारी माणसं हवी होती. शेवटचं रक्तदान धावण्याच्या बरंच आधी उरकायला लावलं ते मी. जीपमधून लिंबूपाणी घेऊन मागोमागही मीच.

रस्त्याकडेच्या बाया हसून विचारत, "सर कुठं पळायलाय? येष्टी चुकली का?" सरही हसत. पण गावोगावच्या पुढाऱ्यांचं काय सांगावं! हार, नारळ, फोटो सगळं तयार. सर धापा टाकत विचारायचे, "रक्त कोण देतंय?" उत्तर ठरलेलं, "पुढच्या येळी नक्की, सर." जीपमध्ये माझ्या पायाशी नारळ गडगडत होते आणि माझं डोकं फिरलं होतं.

परभणीत हार घेऊन सगळ्यांत पुढे उभे होते तेच धाकटे मामा. सरांचं बनियन घामाने अंगाला चिकटलं होतं. त्यांनी मान वाकवली नाही. "मामा, हार ठेवा खाली. मी आलो पळत. सांगा, कुठं कमजोर झालो?"

मामेभाऊ हळूच पंगतीकडे सटकले. शेवटी मामांनी हार माझ्या हातात दिला आणि रक्तदानासाठी मांडलेल्या खाटेवर येऊन पडले. सुई बघून म्हणाले, "सिस्टर, मरत तर न्हाई ना मी?"

"तुमची बहीण मेली, मामा," मी म्हणाले. ते ढसाढसा रडले. मला दया आली नाही, खोटं कशाला सांगू? त्या दिवशी मंडळाला मिळालेला नवा रक्तदाता हा एवढाच. पंगतीला मात्र पत्रावळी पुरल्या नाहीत.

आता सरांची पासष्टी, त्यासाठीच आजचा हा गौरव. नियमानुसार यापुढे आम्हाला त्यांचं रक्त घेता येणार नाही. परवा मंडळाच्या शिबिरात ते नेहमीसारखे येऊन बसले. मीच त्यांना उठवलं. "लय हाय की अजून अंगात," ते ओशाळून म्हणाले. मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त संताप आला, कारण त्यांच्या जागी बसायला मागे कुणीच उभं नव्हतं.

दिगंबर सरांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. त्यांना कधी कुणाच्या रक्ताची गरज न पडो. पण पडलीच, तर त्यांच्या गौरवाला जमलेल्या तुम्हा सगळ्यांपैकी कोण येईल, ते मला आज सांगा. आणि माझ्या कानात नको, त्यांच्यासमोर सांगा.