यंत्राला दिलेली सुट्टी

माझ्या हातून झालेला सगळ्यात मोठा बावळटपणा सांगते. दसऱ्याच्या दिवशी मी आमच्या यंत्रमानवाची पूजा केली आणि त्याला सुट्टी दिली. तेव्हा मी सदुसष्टची, म्हणजे तशी अल्लडच.

लखनौला अलीगंजात आम्ही दोघंच. हे संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले, पक्षाघातानं डावी बाजू लुळी पडलेली. मुलगी बंगळुरूला, अशी यंत्रं बनवणाऱ्यांकडे नोकरीला. त्यातलं एक तिनं आमच्याकडे वापरून बघायला पाठवलं. कमरेइतकं उंच, खाली चाकं, डोक्याच्या जागी कॅमेरा. हे काठी टेकत जिथे जातील तिथे ते मागोमाग. हे पडले तर लगेच माझा मोबाइल वाजवायचा, एवढ्यासाठीच ते होतं. त्याच्या जिवावर मी पुन्हा घराबाहेर पडायला लागले होते.

आता आमच्याकडे दसऱ्याला शिलाई मशीन, विळी, स्कूटर, सगळ्यांना हळदकुंकू, आणि दिवसभर आराम. मग यालाच का राबवायचं? झेंडूची माळ घातली आणि बटण बंद केलं.

“नैवेद्य दाखव,” हे पलंगावरून म्हणाले. “नाहीतर रुसेल तो.”

“तुमच्याइतका नाही रुसत!”

संध्याकाळी निशातगंजला एका मराठी घरी सोनं द्यायला गेले. आपटा इथे मिळत नाही, आम्ही कचनारच्या पानांवर भागवतो.

“अगं, एकटं ठेवून आलीस त्यांना?” घरच्या वहिनींनी विचारलं.

मी ऐटीत मोबाइल नाचवला. “हा वाजला नाही ना, म्हणजे साहेब ठणठणीत!”

परतताना रावण बघायला निघालेल्या गर्दीत टेम्पो, म्हणजे इथली शेअर रिक्षा, अडकला. सहज घरी फोन लावला. घरचा फोन ह्यांच्या उशाशीच असतो. नुसती रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. पडले असते तर मोबाइल वाजला असता, मी स्वतःला समजावलं. आणि मग सकाळचं ते बटण आठवलं.

मी पुढे वाकून टेम्पोवाल्याच्या खांद्यावर थाप मारली.

“भैया, जल्दी चलिए ना!”

“अब उड़ के चलें क्या, अम्मा?”

मैदानाकडून फटाके सुरू झाले. प्रत्येक बाराला मला हे पडताना दिसत होते, कधी डोक्यावर, कधी तोंडावर. शेवटी टेम्पोतून उतरले आणि साडी वर खोचून पळत सुटले. दाराशी पोचले तर किल्ली कुलपात जाईना. आत हाक मारायचंही धाडस होईना. ओ आली नाही तर?

हे बाथरूमच्या उंबऱ्याशी आडवे पडले होते. कपाळावर टेंगूळ, डोळे उघडे. मी काखेत हात घालून रडत रडत त्यांना ओढायला लागले. ते तसूभर हलेनात, आणि माझाच पाय घसरला. चांगल्या हातानं त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

“ओढू नकोस,” ते म्हणाले. “आधी शेजारी जाऊन कुणाला तरी बोलाव. तूही पडलीस, तर कुणाला कळणार?”