ऑइल बदलतो, गाडी चालवत नाही

ग्रंथपालांना मोटरसायकल चालवता येत नव्हती. पण तिचं ऑइल बदलण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. चालवायची बायको. ती नर्स, रोज गाडीवरून हॉस्पिटलला जायची. यांनी मात्र गाडीबरोबर आलेली पुस्तिका तोंडपाठ केलेली. इंजिन गरम करून ऑइल काढावं, असं तीत लिहिलेलं. म्हणून बायको दोन फेऱ्या मारून यायची आणि हे घमेलं घेऊन फाटकात, बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभं राहावं तसे उभे.

गेल्या खेपेला फरशीवर ऑइल गळलं आणि बायकोने निर्वाणीचं सांगून टाकलं, "अहो, यापुढे एक थेंब जरी दिसला ना, तर गाडी कायमची गॅरेजला. तुम्ही आपली पुस्तकं सांभाळा."

पुस्तकं सांभाळून पगार मिळत होता. अब्रू होती ती या गाडीत.

या रविवारी सकाळी दोन फेऱ्या मारून आल्यावर बायको दुपारच्या ड्यूटीआधी जरा आडवी झाली. ग्रंथपालांनी नवा फिल्टर बसवला, मापाने ऑइल भरलं, चहा घेऊन आले, तर इंजिनखाली थेंब! पुसला. लगेच दुसरा आला, जणू पहिल्याची चौकशी करायला.

आता गॅरेज गाठायलाच हवं होतं. पण घरात गाडी चालवणारं माणूस एकच, आणि नेमकं तिच्यापासूनच हे लपवायचं! ग्रंथपालांनी गॅरेजच्या चढावर गाडी ढकलायला घेतली.

"पेट्रोल संपलं का काका?" वाटेत कुणीतरी विचारलं.

"छे, फिरायला निघालोय."

"गाडी घेऊन?"

"तिलाही पाय मोकळे करायचेत."

गॅरेजवाल्याने फिल्टरचं झाकण उघडलं. जुनी रबरी रिंग झाकणाच्या खाचेतच चिकटलेली. साहेबांनी तिच्यावरच नवी चढवली होती. "एका घरात दोघी कशा नांदतील, साहेब?" म्हणत त्याने पाच मिनिटांत काम उरकलं. "न्या आता चालवत." ग्रंथपाल पुन्हा ढकलू लागले, तेव्हा मात्र त्याला हसू आवरेना.

बायको तयार होऊन आली. वाकून पाहिलं. फरशी कोरडी ठणठणीत. मग तिची नजर मीटरवर गेली.

"अहो, मी फेऱ्या मारून आले त्यापेक्षा दोन किलोमीटर जास्त? कोण घेऊन गेलं होतं?"

"मी," ग्रंथपाल छाती काढून म्हणाले. "चालवली."

"अय्या! मग सोडा की मला ड्यूटीवर."

ग्रंथपाल पुढे बसले, ती मागे. त्यांनी इंजिन सुरू केलं. आवाज ऐकून मान डोलावली. आरसे पुसले. दोनदा हॉर्न वाजवला. गाडी जागची हलेना.

"अहो, उशीर होतोय."

"ढकलत नेली होती," ग्रंथपाल समोर बघत म्हणाले. "गॅरेजला. गळत होती."

मागे बायकोच्या दाबलेल्या हसण्याने सीट गदगदू लागली.

"तो अख्खा चढ?" तिने अखेर विचारलं. "एका थेंबासाठी?"

"दोन थेंब होते."

"सरका मागे," ती खाली उतरत म्हणाली. "ऑइल तुम्हीच बदलत जा. गळलं तर मी सोडेन गॅरेजला. बाहेर पाठ करून उभी राहीन, म्हणजे थेंब मला दिसायचाच नाही."