राजकन्याच्या नावाची हजेरी

लातूरच्या एमआयडीसीतल्या एका डाळमिलमध्ये राजकन्या नऊ वर्षं तूरडाळ निवडायला बसत होती. तिथे एक रीत होती. कुणी बाळंतीण झाली, कुणाच्या घरी मयत झाली, की घरातली दुसरी बाई तिच्या नावावर येऊन बसायची. मुकादम शिवप्रसाद नाव पुकारायचा आणि जी कोण समोर असेल ती ‘हाय’ म्हणायची. याला बायका ‘जागा धरणं’ म्हणत. जागा एकदा गेली की गेली, फाटकाबाहेर पंधरा जणी टपलेल्या असत. मालकाला हे ठाऊक होतं, मुकादमाला ठाऊक होतं आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं.

गेल्या आषाढात मशीनच्या फिरत्या पट्ट्याखाली सांडलेली डाळ झाडून घेताना राजकन्याचा उजवा हात पट्ट्यात गेला. मशीन बंद होईपर्यंत तळव्याचं व्हायचं ते होऊन गेलं होतं. मिलने मजुरांचा विमा उतरवला होता आणि त्यातून पहिलं ऑपरेशन नीट झालं, हे कबूल करायला हवं. डॉक्टरांनी बोटं हलवणाऱ्या तुटलेल्या शिरा जोडल्या आणि बजावलं, की शिरा आत चिकटतील, त्या मोकळ्या करायला दुसरं ऑपरेशन लागेल, तोवर रोज व्यायाम, आणि सगळं सहा महिन्यांच्या आत. उशीर झाला तर मिटलेली बोटं मिटलेलीच राहतील.

पंधरा दिवसांतच थोरली जाऊ चांगुणाबाई तिच्या नावावर जाऊन बसली. कुणी सांगावं लागलं नाही. सख्खी बहीण करणार नाही एवढं त्या बाईने केलं, आणि नेमकं तेच पुढे नडलं.

पाचव्या महिन्यात विमा कंपनीचं पत्र आलं. आठवीतल्या मुलीने मोठ्याने वाचलं: मिलच्या हजेरीपटानुसार सदर कामगार चार महिन्यांपासून नियमित कामावर हजर आहे, सबब पुढील उपचारांची आवश्यकता दिसून येत नाही. सदर म्हणजे कोण, असं मुलीने विचारलं. राजकन्या म्हणाली, “मी.” तिला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. तिने पत्राची घडी घातली आणि डाव्या हाताने कणीक मळायला घेतली.

विमा कंपनीच्या ऑफिसात चांगुणाबाई न बोलावता बरोबर आली. साहेब तरुण होता, बसा म्हणाला, पंखाही त्यांच्याकडे वळवला.

“साहेब, ती मी व्हते,” चांगुणाबाई म्हणाली. “हिची जागा जाऊ नये म्हून हिच्या नावावर मी बसून राहिले. हिनं तर मिलचं तोंड बी पाहिलं न्हाई.”

राजकन्याने हात टेबलावर ठेवला. साहेबाने तो पाहिला, पण हात पाहून त्याला काही लिहिता येत नव्हतं. हजेरी खोटी आहे असं मिलने लेखी द्यावं, मग फाइल पुन्हा उघडता येईल, असं त्याने फार समजुतीने सांगितलं. इतक्या गोड आवाजात नाही म्हणणाऱ्या माणसाची मला चीड येते. राजकन्याला तीही आली नाही.

मालकाने दोघींना चहा पाजला, हाताची चौकशी केली, हळहळलाही. पण आपलीच वही खोटी आहे असं सही करून देणारा मालक उभ्या लातुरात सापडायचा नाही. मुकादमाची मात्र पाचावर धारण बसली. उद्या चौकशी आली तर आधी त्याचीच नोकरी जाणार होती. त्याने त्याच संध्याकाळी सांगून टाकलं, की यापुढे जिचं नाव तीच बसेल, आणि आठ दिवसांत राजकन्या आली नाही तर जागा दुसरीला देईन.

सरकारी दवाखान्यात नंबर लावला, तर तारीख मिळाली थेट चैत्रातली. घरात दुसरी कमाई नव्हती. नवरा अहमदपूरच्या बाजारात हमाली करता करता पाठ धरून घरी बसला होता, त्याला दोन वर्षं झाली होती. चांगुणाबाई म्हणाली, जाऊ दे ती जागा, मी दुसरीकडं बघते. तिने बघितलंही. मिळालं नाही.

सातव्या दिवशी राजकन्या उठली, पदराखाली हात घेतला आणि मिलमध्ये जाऊन आपल्या जागी बसली. डॉक्टरांच्या मुदतीला अजून तीन आठवडे बाकी होते. ते तिला पक्कं ठाऊक होतं. आज एकदा हजेरी लागली की साहेबापुढे बोलायला तोंड राहणार नाही, हेही ठाऊक होतं. मिटलेल्या मुठीने तिने डाळ पुढे ओढली आणि डाव्या हाताने खडे वेचायला लागली.

शिवप्रसादने वर न बघता नाव पुकारलं.

“हाय,” राजकन्या म्हणाली. कंपनीच्या कागदातली हजेरी त्या दिवसापासून खरी झाली.