मीडियम बर्फ

रियाधमध्ये बर्फावर नोकरी करतो असं सांगितलं की गावाकडे लोक आधी हसतात आणि मग विचारतात, ‘म्हणजे नेमकं काय करतोस?’ मग एक किस्सा सांगावा लागतो. तो संपेपर्यंत दुसरा आठवतो. खरं सांगू? अंगात थकवा जास्त साठलाय की किस्से, हे आता माझं मलाच कळत नाही.

आईनं आपल्यापुरता हा विषय कधीच मिटवलाय. आमचं गाव हर्णै बंदराजवळचं. बर्फ मासळीवर टाकतात, एवढंच तिला माहीत. ती सगळ्यांना सांगते, ‘आमचा दिनू सौदीत बर्फाच्या कारखान्यात आहे.’ मागच्या सुट्टीत शेजारचे काका मला विचारत होते, ‘काय रे, तिकडे सुरमई ताजी मिळते का?’

म्हटलं, मिळते! वाद घालायला अंगात त्राण कुठे आहे?

तर, मॉलच्या पोटात एक भलामोठा हॉल आहे. आत उतार, उतारावर आम्ही बनवलेला बर्फ. लोक येतात, स्नोबोर्ड, म्हणजे दोन्ही पाय बांधून घसरायची फळी, भाड्यानं घेतात, घसरतात, पडतात, सेल्फी काढून घरी जातात. मी मूळचा फ्रिज-एसीचा माणूस, दिनकर दळवी. बर्फ बनवणं माझ्याकडे, आणि बोर्डांच्या कडा घासणं, तळाला मेण लावणं हेही माझ्याकडेच. जोडीला दापोलीचा रिझवान. शिकवायला बशीर, काश्मीरचा, चालायला लागला तेव्हापासून बर्फावर आहे. बाहेर भट्टी, आत उणे तापमान. दिवसभर आत-बाहेर, आत-बाहेर. गुडघे कुरकुरतात आणि नाक बाराही महिने गळतं.

* * *

जून महिन्यात माझ्या जाड जॅकेटची चेन तुटली. ते खांद्यावर टाकून बत्हाच्या बाजारात गेलो. उन्हानं डांबर मऊ झालेलं. तिथला शिंपी हैदराबादचा. त्यानं आधी जॅकेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘भाई, कहाँ जा रहे हो ये पहन के?’

‘ड्यूटी पे.’

त्यानं चेन बसवली. मी पैसे देऊन वळलो तर मागच्या गिऱ्हाइकाला हळूच सांगत होता, ‘छुट्टी नहीं मिली होगी बेचारे को. गर्मी में ऐसा हो जाता है.’

अगदीच चुकीचं नव्हतं त्याचं!

* * *

डॉक्टर जोगळेकर पुण्याचे. इथल्या एका सरकारी हॉस्पिटलात हाडांचे डॉक्टर. पन्नाशीला त्यांना कार्व्हिंगचं वेड लागलं.

कार्व्हिंग म्हणजे बोर्ड नुसता घसरवत न्यायचा नाही, कडेवर उभा करायचा. कड बर्फात रुतते आणि बोर्डाच्या कमरेला, म्हणजे मधल्या अरुंद भागाला, जो बाक असतो, त्या बाकावरून तो आपोआप वळतो. बाक जास्त असेल तर वळण छोटं. बाक कमी असेल तर वळण लांबलचक. एवढं कळलं की अर्धं काम झालं.

डॉक्टरांनी युरोपातून शर्यतीचा बोर्ड मागवला. लांब, अरुंद, फळीसारखा ताठ. त्यावर कडक प्लॅस्टिकचे बूट. आम्ही सांगितलं, ‘डॉक्टर, हा मोठ्या डोंगरावरचा बोर्ड आहे, आपल्या हॉलला छोट्या वळणाचा घ्या.’ ते म्हणाले, ‘दळवी, वस्तू घ्यायची तर उत्तमच घ्यावी.’

पहिल्याच सकाळी वरून निघाले. बर्फ कडक, कड अशी चावली की काय सांगू! सुरीनं खरवस कापावा तशी रेघ. डॉक्टर झुकलेत, बोर्ड वळतोय, वळतोय, अजून वळतोय... आणि हॉल संपला. सरळ कडेच्या गादीवर!

आम्ही धावलो. डॉक्टर मनगट धरून बसलेले. ‘दळवी, हा बोर्ड वळत नाही!’

बशीर म्हणाला, ‘मुड़ता है डॉक्टर साब. बस, इसका मोड़ दम्माम में पूरा होगा!’ दम्माम इथून चारशे किलोमीटरवर!

पुढचं डॉक्टरांनीच सांगितलं. हॉस्पिटलात त्यांच्याच ज्युनियरनं एक्स-रे काढला. मोडलं नव्हतं, नुसतं मुरगळलं होतं. ज्युनियर अदबीनं म्हणाला, ‘सर, थोडा बर्फ लावू?’

डॉक्टर ओरडले, ‘नको! बर्फच लागलाय!’

* * *

आमचे मॅनेजर अबू तुर्की. अंगात थोब, म्हणजे पांढरा पायघोळ झगा, पायात सँडल, बोलणं मोजकं. एकदा त्यांच्याकडे एकाच दिवशी दोन तक्रारी आल्या.

सकाळी व्हिडिओ बनवणारा एक तरुण स्वतःचा बोर्ड घेऊन आला. रुंद, पुढून केळ्यासारखा वर वळलेला. असा बोर्ड ताज्या भुसभुशीत खोल बर्फावर तरंगायला केलेला असतो. आमचा सकाळचा बर्फ रात्रभर गोठून काचेसारखा झालेला. त्या बोर्डाची कड धड टेकेचना! साबण सांडलेल्या फरशीवर पाय जावा तसा तो आडवाच खाली आला. कॅमेरा चालू होता हे दुर्दैव. ‘बर्फ दगड आहे! मला तुमच्या मॅनेजरला भेटायचंय,’ म्हणून संध्याकाळपर्यंत ठाण मांडून बसला.

संध्याकाळी डॉक्टर आले, मनगटाला पट्टा बांधून. दिवसभर शेकडो लोकांनी तुडवून बर्फाचे ढीग झालेले, साखरेसारखे सुटे. डॉक्टरांचा तो अरुंद बोर्ड एका ढिगात घुसला, नाक आत, शेपूट वर, आणि डॉक्टर बोर्डाच्याही पुढे! तेही काउंटरवर. ‘बर्फ फारच मऊ आहे!’

अबू तुर्कींनी दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळले.

‘दळवी, मीडियम.’

‘मीडियम काय, साहेब?’

‘बर्फ! यल्ला!’ यल्ला म्हणजे चला, लागा कामाला.

आता बारा तास उभं राहून मीडियम बर्फ कुठून आणायचा? पण तेव्हापासून रिझवान ड्यूटीवर आला की मला विचारतो, ‘दिनूदादा, आज मीडियम शिजला का?’

* * *

रियाधजवळच्या अल खर्जहून हमूद नावाचा सौदी गडी यायचा. डेअरीचा टँकर चालवायचा. धिप्पाड देह, लाजाळू बोलणं आणि पाय... आमच्या कपाटातला सगळ्यात मोठा बूट त्याला कसाबसा व्हायचा.

त्याची अडचण एकच. बोर्ड कडेवर कलला की बुटांची टोकं बोर्डाबाहेर येऊन बर्फात घासायची. कड सुटायची आणि हमूद उताणा. पुन्हा उठायचा, पुन्हा उताणा. तो पडला की वरच्या कॅफेतले लोक मोबाईल काढायचे. एक दिवस त्यानं बूट काउंटरवर ठेवले आणि रिझवानला म्हणाला, ‘खलास. उद्यापासून येणार नाही. हा खेळ माझ्या अंगाचा नाही.’

रिझवानला ते लागलं. आमच्याकडे एक रुंद कार्व्हिंग बोर्ड पडून होता. नेहमीसारखाच, पण कमरेला भरपूर रुंद, मोठ्या पायांसाठीच केलेला. तो एका कडेवरून दुसऱ्या कडेवर कलवायला जरा जड, म्हणून कुणी घेत नसे. रिझवाननं तो काढला, कडा घासल्या, बूट अडकवायचे पट्टे थोडे तिरके बसवले.

हमूदनं बोर्ड हातात घेऊन विचारलं, ‘हे काय आहे? दरवाजा?’

‘दरवाजाच. उघडून बघ!’

हमूद निघाला. कलला. टोकं घासली नाहीत. आणखी कलला, इतका की हाताचा पंजा बर्फाला लागला. एक वळण, दुसरं वळण. खाली पोचला तेव्हा कॅफेतले मोबाईल पुन्हा वर झालेले, पण या वेळी कुणी हसत नव्हतं.

त्या आठवड्यापासून त्यानं आम्हाला ताकाचे क्रेट आणायला सुरुवात केली. आम्ही नको म्हटलं. त्यानं दुप्पट आणले. सबंध स्टाफ बर्फात कुडकुडत थंडगार ताक पितोय! शेवटी बशीरनं हात जोडले, ‘हमूद भाई, तू पहले वाला बोर्ड वापस ले ले!’

* * *

एका शुक्रवारी कूलिंग बंद पडलं. दुपारपर्यंत बर्फाचा पाक झाला. छोटे बोर्ड जागच्या जागी चिकटायचे, लांब ताठ बोर्ड तेवढे नांगरासारखे चिखल फाडत जायचे. हॉल रिकामा केला आणि आम्ही फावडी, बादल्या घेऊन पाणी उपसायला लागलो. तेवढ्यात रिझवानच्या अम्मीचा फोन.

‘काय करतोस रे?’

‘पाणी उपसतोय.’

‘काय सांगतोस! तिकडेपण पूर आला?’

* * *

रीम ही बँकेत नोकरी करणारी सौदी मुलगी, पंचविशीची. ऑफिसच्या आधी, हॉल उघडताच यायची, कारण तिला तो काचेसारखाच बर्फ हवा असायचा. तिचा शर्यतीचा बोर्ड अरुंद, पण छोट्या वळणाचा. गेटच्या खांबांमधून आडवंतिडवं जायचं तिला वेड. पडायची तीही, कमरेवर, आवाज आम्हाला दुकानात ऐकू येई. मग उठून बशीरला एकच प्रश्न, ‘कड लवकर सोडली का?’

आदल्या वर्षी ती युरोपात शर्यतीला गेली आणि दुसऱ्याच गेटला पडली. घरचे म्हणाले, झाली हौस? यंदा तिनं पुन्हा नाव दिलं. ‘या वेळीही तसंच झालं तर बोर्ड विकून टाकीन,’ असं आम्हाला सांगून गेली.

शर्यतीच्या दिवशी तिचा व्हॉइस मेसेज आला. ‘सकाळी बर्फ आपल्यासारखाच होता. आता ऊन आलंय, सगळं ओलं झालंय. बर्फ बोर्डाला धरूनच ठेवतोय, पुढे सोडत नाही. माझा नंबर जवळ आलाय!’

आम्ही तिघं टेबलाभोवती. काउंटरवर गिऱ्हाईक घंटी वाजवतंय, जातंय कोण! बशीर फोन तोंडाजवळ धरून सावकाश बोलला. ‘थंडीचं मेण खरवड, ओल्या बर्फाचं मऊ मेण लाव. आणि कड जोरात दाबू नकोस. इथे दाबतेस तेवढी दाबलीस तर खालचा बर्फच ढासळेल. बोर्डाच्या मधोमध उभी राहा. वळण गोल घे, घाई करू नकोस.’

मग वाट बघणं. रिझवान एकच कड घासत बसला, ती आधीच धारदार होती. बशीर तर खुर्चीवरून उठेना.

मेसेज आला. ‘पडले.’

बशीरनं फोन पालथा ठेवला. तो पुन्हा वाजला.

‘पण सातव्या गेटला! गेल्या वर्षी दुसऱ्या! बोर्ड विकत नाही!’

बशीर तसाच बाहेर गेला आणि कुनाफा या मिठाईचा मोठा खोका घेऊन आला. दिसेल त्याला वाटत सुटला. घंटी वाजवणारं गिऱ्हाईक रागावलेलं, त्याच्याही हातात तुकडा.

‘कशाबद्दल? कुणी जिंकलं का?’

रिझवान म्हणाला, ‘नाही, पडली! घ्या, घ्या, अजून घ्या!’

* * *

उत्तरेला तबूककडच्या डोंगरावर हिवाळ्यात कधीतरी खरा बर्फ पडतो. पडला की अर्धा देश गाड्या काढतो. गेल्या हिवाळ्यात बातमी आली आणि अबू तुर्की दुकानात येऊन म्हणाले, ‘बोर्ड गाडीत टाका. यल्ला.’

कुठे, कशाला, काही नाही. मी, बशीर, रिझवान आणि ते. सबंध दिवस गाडीत. माझी पाठ आखडली. रिझवान मागे बोर्डांना टेकून झोपला.

दुसऱ्या सकाळी डोंगरावर पोचलो तर ही गर्दी! लोकांनी मेंढीच्या कातड्याचे झगे घातलेले, गाड्यांच्या टपावर बर्फाचे गोळे रचलेले, जागोजागी चहाच्या किटल्या. बर्फ मात्र घोट्याएवढाच. वरून ओला, मध्ये भुसभुशीत, खाली दगड.

आम्ही एकेक बोर्ड लावून पाहिला. अरुंद बोर्डाची कड बर्फ कापत सरळ दगडाला भिडली. खर्रर्र! रिझवाननं डोळेच मिटले. ‘गेलं! सगळं घासणं पाण्यात गेलं!’ तरंगणारा रुंद बोर्ड तरंगला, पण वळेना, त्याला रुतायला खाली काही होतंच कुठे? बशीर शेवटी एका साध्या बोर्डावरून जपून, अर्धा घसरत खाली गेला. वर येऊन धापा टाकत म्हणाला, ‘ज़िंदगी में इससे ख़राब बर्फ नहीं देखी.’ आणि हसला. इतका मनापासून हसताना मी त्याला तोवर पाहिलं नव्हतं.

अबू तुर्की गाडीला टेकून बघत होते. एवढ्या वर्षांत या माणसानं आमच्या हॉलमध्ये बर्फावर पाऊल ठेवलेलं नव्हतं. कायम काचेच्या अलीकडे. आम्ही समजून होतो, त्यांना भीती वाटते.

ते म्हणाले, ‘बूट.’

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मी बूट दिले. त्यांनी सँडल काढून नीट बाजूला ठेवल्या, थोब गुडघ्याच्या वर खोचला आणि बुटांच्या नाड्या स्वतः ओढल्या, भराभर, न बघता. मग स्क्रूड्रायव्हर मागितला. मऊसर, मध्यम रुंदीचा एक कार्व्हिंग बोर्ड निवडला, पट्ट्यांचा कोन बदलला, उजवा पाय पुढे घेतला.

बशीर घाबरून म्हणाला, ‘साहेब, दगड आहेत!’

ते निघाले.

बोर्ड त्यांनी दाबलाच नाही. नुसता कलता ठेवला, इतका हलका की कड बर्फात जेमतेम गेली, दगडापर्यंत पोचली नाही. एक वळण, त्यातूनच दुसरं, त्यातून तिसरं. थोबाचं सुटलेलं टोक वाऱ्यावर. चहा पिणारे लोक उभे राहिले. खाली पोचले तेव्हा त्या सबंध उतारावर पेन्सिलीनं काढावी तशी एकच रेघ होती. कुठे तुटलेली नाही, कुठे फाकलेली नाही.

तळाला ते बराच वेळ आमच्याकडे पाठ करून, पलीकडच्या डोंगरांकडे बघत उभे राहिले. मग बोर्ड काखेत मारून सावकाश वर चढून आले. तो माझ्या हातात दिला. बूट काढले, सँडल घातल्या, थोब झटकला.

बशीरला राहवेना. ‘अबू तुर्की, कुठे शिकलात हे? कधी?’

त्यांनी किटलीतून कपात चहा ओतला, एक घोट घेतला आणि म्हणाले, ‘साखर कमी आहे.’